बाळंतिणीच्या खोलीची खिडकी

कंग्राळीत आता घरोघर गीझर आलेत, पण घरात बाळंतीण आली की माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली उतरतो आणि मनुमावशीला बोलावणं जातं. गीझरच्या पाण्यानं बाळ-बाळंतिणीचं अंग शेकत नाही, असं आमच्या सासवांचं म्हणणं. मला ते पटत नाही, पण पहाटे कढत पाणी आयतं मिळत असेल तर वाद कोण घालतंय.

माझ्या दोन्ही पोरांना मनुमावशीनंच न्हाऊ घातलं. मी घाईघाईनं बंबात लाकडं कोंबली की ती खेकसायची, "त्याला श्वास घ्यायला जागा ठेव की गं. वारा न्हाय मिळाला तर जाळ धुरावतोय." मग बंबाच्या खालच्या तोंडातली राख ओढून काढायची, लाकडं फट ठेवून तिरपी रचायची आणि जाळानं धरलं की खालचं दार अर्धं लोटायची. मूठभर जळणात पाणी उकळायचं आणि डोळ्यांत धूर जायचा नाही.

बाळंतिणीच्या खोलीत मात्र तिचं वागणं कुणाला कळायचं नाही. आमच्याकडं बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही. खिडक्या बंद, फटींत चिंध्या, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. मनुमावशी आली की आधी खिडकी उघडायची आणि शेक झाला की शेगडी उचलून अंगणात नेऊन ठेवायची. म्हाताऱ्या धुसफुसायच्या, कारण हिची एकुलती एक लेक दिपाली बाळंतपणात वारं लागूनच गेली, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मीही एकदा रागाच्या भरात तसं तोंडावर बोलले. ती बाळाच्या टाळूवर तेल थापत राहिली.

दिपालीची ती तान्ही पोर, तेजस्वी, मनुमावशीनंच वाढवली, शिकवली, निपाणीत दिली. या पौषात ती पहिलटकरीण म्हणून आजीकडं आली. मुलगा झाला. मनुमावशी इतकी हरखली होती की बंबाला चिंच लावून तिनं तो लखलखीत केला.

बारशाला तेजस्वीची सासू मालुबाई निपाणीहून आली आणि राहिली. बाई वाईट नव्हे, पण दुसऱ्याच्या घरात आपलीच वहिवाट असल्यासारखं वागायची तिला सवय. दुसऱ्या दिवशी मी आळिवाची खीर घेऊन गेले, तेव्हा तेजस्वी न्हाऊन बाजेवर पडली होती. मालुबाईनं खिडकी लावून फटीत आपली शाल कोंबली होती. शेगडी बाजेखाली सारून ती निखाऱ्यांवर राख पसरत होती, म्हणजे ते संध्याकाळपर्यंत टिकतील.

मनुमावशी न्हाणीतून ओल्या हातानंच आली आणि तिनं शाल ओढून काढली.

"ईनबाई," मालुबाई म्हणाली, "लेक वाऱ्यानं गेली तुमची. आता नातीचं बी तसंच करताय व्हय?"

तेजस्वी बाजेवरून म्हणाली, "ऱ्हाऊ दे ना बंद, आजी. माझी आई अशीच गेली न्हवं? मला भ्या वाटतंय."

मनुमावशीचा हात खिडकीच्या गजावर तसाच राहिला. एरवी तिनं गप शेगडी उचलून बाहेर नेली असती. पण पुढच्या महिन्यात पोर निपाणीला जाणार होती, आणि तिथं खिडकी उघडायला कोण असणार?

"तुझी आई वाऱ्यानं न्हाय गेली," ती म्हणाली. "ती अशीच न्हाऊन निजली. मीच खिडकी लावली. मीच शेगडी बाजेखाली सारली, इंगळ टिकावं म्हणून मीच वर राख घातली, आन् तुला घेऊन उन्हात बसले. धूर न्हवता, वास न्हवता. आत आले तर ती उठंना. डाक्टर मला बाजूला घेऊन म्हनला, कोंडलेल्या खोलीत इंगळाच्या वायूनं गेली. लोकं म्हनली वारं लागलं. मी म्हनू दिलं."

मग ती पुन्हा म्हणाली, "जाळाला वारा लागतोय हे मला ठावं व्हतं. पोरीचं ध्यानातच आलं न्हाय."

मालुबाई खाली वाकली आणि तिनं शेगडी ओढून बाहेर नेली. तेजस्वीनं बाळाला जवळ घेऊन तोंड भिंतीकडं फिरवलं.

"शाळेत असल्यापासून मी उन्हाळ्यात बी कान बांधून फिरतीया, आजी," एवढंच ती म्हणाली.

माझ्याच्यानं तिथं थांबवेना. मी खीर कोनाड्यात ठेवून घरी आले आणि रडले, मावशीसाठी की मी तिला एकदा जे बोलले होते त्यासाठी, मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडं आणायला गेले, तर मनुमावशी पेटल्या बंबापुढं बसली होती. पाट मांडलेला, तेलाची वाटी शेजारी. आतून तेजस्वी म्हणाली, "आज नको, आजी. सासूबाई घालतील बाळाला."

मालुबाई आली, मान खाली घालून कढत पाण्याची बादली भरून घेऊन गेली. मनुमावशीनं बंबातली जळती लाकडं ओढून पाण्यात बुडवली आणि खालचं दार पुरं लावून घेतलं. न्हाणीत बाळ रडायला लागलं.

"जा गं," ती मला म्हणाली, "पाणी कोपरानं बघून घ्या म्हनावं."

मी मालुबाईला सांगून खोलीत डोकावले. तेजस्वी बाजेवर बसली होती. खोलीची खिडकी सताड उघडी होती.