कोरा विळा

सत्तरच्या दशकात मोहोळकडच्या एका गावात मी सरकारी नर्स म्हणून रुजू झाले. डोकं दुखलं की बायका गोळ्यांना यायच्या, पण बाळंतपणाला एकही बोलवायची नाही. कारण कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. नाळ कापलेला विळा पाचवीला सटवाईपुढं पुजायची तिथली रीत. आणि ही नर्सबाई तर आपली कात्री पिशवीत टाकून चालती होणार! मग पुजायचं काय?

माळावरच्या एका धनगराची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. तिची आधीची दोन्ही लेकरं धनुर्वातानं गेलेली. जन्मताना धडधाकट, पण पाचवी झाली की जबडा आवळायचा, दूध ओढेनात. सटवाईचा कोप, असं घरचे म्हणायचे. कोप कसला डोंबलाचा! शेळ्यांचा पाला कापलेला गंजका विळा, आणि वर बेंबीला शेण. पोरीला मी धनुर्वाताची इंजेक्शनं दिली, पण तिच्या आईला कात्री काही पटेना.

"विळा आमच्या घरात ऱ्हायला पायजे," म्हातारी म्हणाली.

भांडून काय उपयोग? मोहोळच्या बाजारातून मी कोरा विळा आणला. कळा सुरू झाल्यावर त्यांच्याच चुलीवर खळाखळा उकळत ठेवला. नर्सबाई विळ्याची आमटी करतीया म्हणून दारातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हसा म्हटलं. गावच्या सुईणीनं पोरीची कंबर धरली, मी नाळ बांधून कापली. मुलगी झाली.

पाचवीला तो विळा सटवाईपुढं मांडला. बेंबीला कुणी काही लावू नये म्हणून मी रोज जाऊन बसायचे. घरात पाळणा कुणी बांधला नव्हता. दोनदा बांधून सोडलेला, आता हिंमत कुणाची?

बाराव्या दिवशी गेले तर पोरगी लेकराला पाजत होती. माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "लई जोरात ओढतंय, बाई. पाळणा बांधू का?"

बांध की म्हटलं, आणि आढ्यावरून टाकलेली दोरी मीच धरली. त्या दिवशी मला माझ्या नोकरीचा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! पुढच्या बाजाराला दुसऱ्या एका पोटुशीची आई कोरा विळा घेऊन माझ्या दारात उभी होती.