दोरीचा पूल

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आज निशी-कसाई या जपानी उपनगरात आमच्या इमारतीसमोरच्या झाडांच्या फांद्या छाटल्या गेल्या आणि ओल्या लाकडाच्या वासाने अस्मादिक थेट लग्नाच्या वर्षात जाऊन पडले.

ऑफिसातले साइतो-सान मला आणि पुण्याहून नुकत्याच आलेल्या माझ्या बायकोला, मेधाला, एका राखीव जंगलात घेऊन गेले होते. रस्ता रुंद करताना जंगलाचे दोन तुकडे झाले होते. तिथली ‘यामाने’, म्हणजे मुठीत मावेल असा झुपकेदार शेपटीचा खारीसारखा प्राणी, फांद्यांवरूनच फिरते. आता जोडीदार पलीकडे असला तरी जायचं कसं? म्हणून साइतो-साननी मित्रांसोबत रस्त्यावर दोरीचा पूल टांगला होता. त्यावर अजून कोणीही पाऊल ठेवलं नव्हतं.

तिन्हीसांजेला एक यामाने आली, मध्यापर्यंत गेली आणि मागे वळून थिजली. साइतो-साननी ओठांवर बोट ठेवलं, आणि नेमकी तेव्हाच मेधा बोलली. मी डोळे वटारेपर्यंत यामाने पलीकडच्या पानांत शिरलीही होती. मेधा धीर कोणाला देत होती, हे मला आज कुठे उमगतंय. ती म्हणाली होती,

“मागे काय बघतेस गं? जा, होईल सवय.”