वहिनीच्या संगणकात बिनतारी आत्या

घरातल्या मुलांनी तिचं नाव 'बिनतारी आत्या' ठेवलं आणि ते तिला इतकं शोभलं की मोठी माणसंही तेच म्हणू लागली. नोकरी चष्म्याच्या दुकानात, पण जीव अडकलेला नातेवाइकांच्या संगणकांत. कुणाचा प्रिंटर रुसला, कुणाचे फोटो गायब झाले की आत्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलीच. तिकडच्या माणसानं पडद्यावरचा आकडा फोनवर वाचून दाखवायचा, परवानगीचं बटण दाबायचं, की तिकडचा अख्खा पडदा इकडे हजर! इतकी वर्षं झाली, तरी तो पडदा उमटला की बाईचा आनंद पोटात मावत नाही. "आले हं मी आत!" असं ती फोनमध्ये ओरडते, जणू दार ढकलून त्यांच्या घरातच शिरली.

त्या दिवशी दुकानाला सुट्टी होती आणि पाच वाजता वहिनीचा वर्ग होता. वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको, राहायला दुसऱ्या गावात. जन्मभर लोकांचे फ्रॉक आणि शर्ट शिवले, आणि आता ती घरबसल्या बायकांना कापड बेतायला शिकवणार होती. पण गेल्या आठवड्यात पहिल्याच वर्गाला तिचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. बायका थोडा वेळ तिचे हलणारे ओठ बघत बसल्या आणि एकेक करून निघून गेल्या. वहिनीनं हायच खाल्ली.

"आजही तसंच झालं तर सगळ्यांना नाही म्हणून कळवते, वन्सं," ती फोनवर म्हणाली. "मला नाही झेपायचं हे."

"न झेपायला काय झालं? मी आहे ना! आकडा सांग."

आकडा झाला, परवानगी झाली, वहिनीचा पडदा झळकला. "आले हं मी आत!" आत्या ओरडली, आणि आवाजाच्या सेटिंगपर्यंत बाण नेते न नेते तोच पडदा काळा. पुन्हा आकडा, पुन्हा परवानगी, पुन्हा "आले हं!", आणि पुन्हा काळं. आत्याला आणखीच चेव चढला. हिला काही बिघडलं की वाईट वाटत नाही, स्फुरण चढतं. स्वतःचं इंटरनेट तपासलं, ते ठणठणीत. दोन्हीकडचे लॅपटॉप बंद करून सुरू केले. मदतीचा प्रोग्राम जुना झाला असेल म्हणून दोघींनी नवा उतरवून घेतला. आत्याचा नवरा स्वयंपाकघरातून "हळू बोल, घर डोक्यावर घेऊ नकोस," म्हणाला, पण ऐकतंय कोण!

तिसऱ्यांदा पडदा उमटला. "आले हं!" म्हटल्याबरोबर फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग लगबगीची पावलं. आणि पडदा गेला.

"वहिनी! उठून कुठे चाललीस?"

फोनमध्ये काहीतरी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"अगं, बोल की!"

"पुढच्या खोलीत," वहिनी हळूच म्हणाली. "इथे शिवणाच्या खोलीत नुसता पसारा आहे हो. चिंध्या, दोरे, टेबलावर उष्टे कप. तुम्ही आलात म्हटल्यावर मला कसंतरीच झालं. म्हणून लॅपटॉप उचलून पुढे नेते."

"आणि मागे मी आले होते तेव्हा पाहिलेली ती इंटरनेटची निळी वायर?"

"ती पुरत नाही ना तिथवर. काढते. तिकडे वायरीशिवाय चालेल वाटलं, पण चालतच नाही. मग परत आणून लावते. तुम्हाला काय सांगू, लाज वाटली."

आत्यानं कपाळावर हात मारला आणि अशी खदाखदा हसली की डोळ्यांतून पाणी आलं. इंटरनेटची वायरच उपटून ही बाई पाहुणचाराला धावत होती! "अगं वहिनी, मला तुझा पडदा दिसतो, खोली नाही! उष्टे कप तर नाहीच नाही. आणि दिसले असते तरी काय मी मोजणार होते? बस तिथेच. वायर लाव आणि जागची हलू नकोस."

आता कनेक्शन टिकलं. दोष तसा चिमुकलाच निघाला. वहिनी कानाला लावलेल्या माइकमध्ये बोलत होती आणि संगणक भलत्याच, कधीच काढून ठेवलेल्या माइकची वाट बघत होता. आत्यानं खरा माइक निवडला. "बोल काहीतरी!" वहिनी म्हणाली, "काय बोलू?" आणि एवढ्यावरच पडद्यावरची हिरवी पट्टी टणाटण उड्या मारू लागली. दोघीही एकदमच किंचाळल्या.

पाचला बायका आल्या. "ऐकू येतंय का?" वहिनीनं घाबरत विचारलं. "येतंय, येतंय!" असा गलका झाला. आत्यानं आता निघायला हवं होतं. पण ती कसली निघते! श्वास रोखून बसून राहिली. वहिनी बाहीचा गोल कसा आखायचा ते सांगत होती आणि तिचा आवाज हळूहळू मोकळा होत होता. तेवढ्यात एक बाई म्हणाली, "ताई, आकृती दिसत नाहीये." झालं, आत्याचे हात शिवशिवले. तिनं बाण आकृतीकडे नेला. त्याच क्षणी वहिनीनंही माउस हलवला. एक बाण, ओढणाऱ्या दोघी. बिचारा पडद्याच्या मधोमध थरथरत राहिला.

"वन्सं, हात काढा," वहिनी भर वर्गात म्हणाली. "माझं मी बघते."

आत्यानं चटका बसल्यासारखा हात उचलला. बाण सरळ आकृतीवर गेला, आकृती पडदाभर उघडली आणि बायका "आली, आली!" म्हणाल्या. मग बाण तसाच वर चढला, 'मदत थांबवा'वर जाऊन टेकला आणि दाबला गेला. आत्याच्या समोर तिचाच पडदा उरला.

"पुन्हा गेलं का कनेक्शन?" नवऱ्यानं आतून विचारलं.

"हाकललं!" आत्या खुर्चीतून उडालीच. "वहिनीनं हाकललं मला! सगळ्यांच्या देखत हाकललं!" आणि आनंदानं तिला पुढे बोलताच येईना.