मामांचा बोअर

येणाऱ्या शंभर वर्षांची काळजी एकट्याने वाहणारा माणूस माझ्या मामांशिवाय साऱ्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. शिरूर अनंतपाळच्या शाळेत गणित शिकवून ते निवृत्त झाले आणि रिकामा वेळ त्यांनी मनुष्यजातीच्या चिंतेला दिला. कुठलंही नवं यंत्र दिसलं की ते चालू कसं होतं हे सोडून बंद कसं करायचं, हेच ते आधी विचारत. लातूर नवा जिल्हा झाला, मी तिथल्या कचेरीत लागलो, तेव्हा मामींसाठी मिक्सर घ्यायला आम्ही दुकानात गेलो. मामांनी इतक्या शंका काढल्या की दुकानदारानेच हात जोडले, "गुरुजी, पाटा-वरवंटाच बरा हाय तुम्हाला." शाळेत कॅल्क्युलेटर आला तेव्हा, "पोरांची डोकी आता गंजणार," म्हणून त्यांनी दोन दिवस जेवण सोडलं. तिसऱ्या दिवशी मामींनी धपाटे केले, तेव्हा कुठे ते पाटावर बसले.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी गावात बोअरची गाडी आली. पाणी उसळलं, लोकांनी गुलाल उधळला. मामा एकटेच म्हणत होते, "अरे, पणजोबाच्या आधीपासून साठलेलं पाणी हाय हे. तुम्ही एका वर्षात उपसायलात. पणतवंडांनी काय प्यावं?" लोक हसले. मीही हसलो.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी वाहून वाहून मामींचे गुडघे गेले. रिकामी घागर मामांपुढे ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, "पणतवंडांचं लई बघितलंत. आता माझं बघा." आठवड्याच्या आत मामांनी अंगणात बोअर घेतला. पाणी लागलं. महिन्याभरात शेजारच्या सरूबाईचा आड कोरडा पडला. ती भांडली नाही. नुसती आडात वाकून बघत राहिली.

तेव्हापासून रोज सकाळी, स्वतः घोट घेण्याआधी, मामा दोन कळशा तिच्या रांजणात ओतून येत.

"ऱ्हाऊ द्या गुरुजी, लाज वाटते मला," ती म्हणायची.

"मला वाटायली, म्हणून तर आणायलो बाई."

यंत्रांबद्दल मात्र ते पुन्हा कधी बोलले नाहीत. लोक मुद्दाम डिवचत, तर म्हणत, "मला काय कळतं?" आम्हा भाच्यांना ते ऐकवत नसे.

दोन वर्षांनी तो बोअरही आटला. त्या सकाळी मामा मोकळ्या हातांनी सरूबाईच्या ओट्यावर जाऊन बसले. ती आत गेली आणि रांजणाच्या तळाचं तांब्याभर पाणी आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

मामांना किती तरी वेळ तो तांब्या उचलवला नाही.