मोठ्या बाईंचा अर्धा धडा

आमच्या मोठ्या बाईंनी सबंध नोकरीत एकही धडा शेवटपर्यंत शिकवला नाही, आणि ही गोष्ट त्या कुणालाही, अगदी तपासणीला आलेल्या साहेबालाही, मान ताठ करून सांगत. चिमूरच्या पलीकडे तलावाच्या काठावरची आमची दोन शिक्षकांची शाळा. त्या मुख्याध्यापिका म्हणून मोठ्या बाई, आणि मी नुसता गुरुजी. बाई उंचीनं एवढ्याशा, की फळ्याच्या वरच्या भागाला त्यांच्या कारकिर्दीत खडू म्हणून लागला नाही. पण गोष्ट वाचायला लागल्या की तलावात जाळं टाकायला निघालेली माणसं खिडकीशी रेंगाळत. वाघ विहिरीच्या काठावर आला, त्यानं एक पंजा पुढे टाकला, आणि नेमकं इथं बाई पुस्तक मिटून खिचडीचे तांदूळ बघायला निघून जात. वर्गात नुसता कल्ला. बाई चुलीपासून ओरडून सांगत, "पुढचं ज्याले पाहिजे त्यानं वाचून घ्यावं. वाघ पुस्तकातच हाये, कुठी पळून नाई चालला."

एकदा संध्याकाळी एक आई तणतणत बाईंच्या दारात आली. "बाई, थ्या वाघाचं काय झालं थे सांगा. पोरगी जेवून नाई राह्यली."

"दप्तरात पुस्तक हाये ना? वाच म्हना."

"तिले वाचता आलं असतं तं तुमच्याकडं कायले पाठोलं असतं?"

"मंग दोघी मिळून वाचा," म्हणून बाईंनी दार लावून घेतलं. त्या माउलीनं चौथीनंतर पुस्तकाला हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी मायलेकी दोघी वाघाच्या बाजूनं बाईंशी भांडायला आल्या. बाईंना याहून मोठा आनंद नव्हता. धड्याखालचे प्रश्न मात्र त्यांच्या डोक्यात जात. 'या गोष्टीतून काय बोध घ्याल?' हा प्रश्न दिसला की त्यांचा पारा चढे. एका कार्ट्यानं त्याचं उत्तर 'विहिरीवर जाळी बसवली पाहिजे' असं लिहिलं, तर त्याला पैकीच्या पैकी गुण. मी कुरकुर केली तेव्हा म्हणाल्या, "गोष्ट आयकल्यावर प्रश्न पोरानं विचाराचा असते गुरुजी, पुस्तकानं नाई."

धान कापून झालं की आमच्या भागात नाटकांचा हंगाम सुरू होतो. भोंगा लावलेली गाडी गावोगाव फिरते, माणसं रात्ररात्र मंडपात बसतात आणि सकाळी जांभया देत कामाला जातात. बाईंनी हा सगळा थाट उचलून वर्गात आणला. दुपारच्या सुट्टीत पोरं पुठ्ठ्याचा भोंगा घेऊन गावभर फिरत आणि "रसिकहो, आज तीन वाजता, इयत्ता तिसरी सादर करीत आहे, धडा सातवा!" अशी हाळी देत. आमच्याकडे नटांना पाठांतराला वेळ नसतो. आडोशाला बसलेला प्रॉम्प्टर एकेक वाक्य वाचतो आणि नट ते ठसक्यात म्हणतो. सगळं नाटक त्या एका माणसाच्या डोळ्यांवर चालतं. बाई ज्याला वाचता येई त्याला राजा करत, आणि अडखळणाऱ्याला पुस्तक देऊन फळ्यामागे बसवत.

"बाई, उलटं करताय," मी म्हटलं.

"जेवून बसलेल्याले कोनी वाढते काय?"

मग प्रॉम्प्टर अडला की राजा तलवार उगारून तसाच उभा. प्रधान वाकलेला तो वाकलेलाच. पण फळ्यामागच्या पोराला कुणी हसत नसे, कारण ते कुणाला दिसतच नसे, आणि त्याच्यावाचून खेळ पुढे सरकत नसे. तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांची सोनी तिथंच वाचायला शिकली. समोर उभं केलं की या पोरीची दातखीळ बसे. फळ्यामागे मात्र ती राजाला, राणीला, पोपटाला आपापली वाक्यं बिनचूक पुरवी.

अशात एक नवे साहेब तपासणीला आले. घड्याळ काढून त्यांनी एकेका पोराला समोर बोलावलं आणि सोनीपुढे पुस्तक धरलं. सोनीनं घड्याळाकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले, ते मिटलेच. साहेब म्हणाले, "हिला काही येत नाही. हिला पुन्हा पहिलीत बसवा." सोनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिची धाकटी बहीण पहिलीत होती.

"तिले येते," बाई म्हणाल्या. "तुमच्यापुढं नाई वाचनार. तुमी आयकाले नाई बसले साहेब, पकडाले बसले."

साहेबांचा चेहरा लाल झाला. बाई शांतपणे पुढे म्हणाल्या, "तीन वाजता आमचा प्रयोग हाये. राजा आज बापासंगं तलावावर मासे धराले गेला. तुमी राजा व्हा, मंग पाह्यजा कोनाले येते थे."

साहेब का तयार झाले हे मला आजवर कळलेलं नाही. बहुधा नाही म्हणायला बाईंनी त्यांना सवडच दिली नाही. डोक्याला टॉवेलाचा फेटा आणि हातात मोजपट्टी घेऊन ते उभे राहिले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि साहेबांना एक शब्द येत नव्हता. फळ्यामागून हलक्या, स्वच्छ आवाजात वाक्य आलं. साहेबांनी ते म्हटलं. दुसरं आलं, तेही म्हटलं. मग भीड चेपली आणि त्यांनी प्रजेला चार उपदेशाचे शब्द पदरचेच ऐकवले. लगेच फळ्यामागून आवाज आला, "तसं नाई लिहून हाये."

खिडकीतली माणसं पोट धरून हसली. राजानं मान खाली घातली आणि शेवटपर्यंत सोनीनं दिलं तेवढंच बोलला. जाताना साहेबांनी फळ्यामागे डोकावून पाहिलं, घड्याळ खिशात टाकलं आणि म्हणाले, "राहू द्या तिसरीतच. पण हे नाटक बंद करा." बाईंनी "बरं" म्हटलं आणि पुढच्या आठवड्यात आठवा धडा लावला.

बाई निवृत्त झाल्या तेव्हापासून मला शाळेत करमत नाही. मी धडे अर्धे सोडतो, पण पुस्तक मिटताना माझा हात अजून कचरतो. बाई आता चिमूरला बहिणीकडे असतात आणि मोतीबिंदूमुळे त्यांना अक्षर दिसत नाही. सोनी तिथंच कॉलेजात शिकते. दर रविवारी जाऊन ती त्यांना कादंबरी वाचून दाखवते, समोर बसून, मोठ्या आवाजात.

परवा बाईंचा फोन आला. "गुरुजी, थ्या पोरीले समजावा. बाप-लेकाची गाठ पडाचीच होती, आन् पुस्तक मिटून चालली गेली. मले म्हनते, पुढचं ज्याले पाहिजे त्यानं वाचून घ्यावं."

मी म्हटलं, "मग ऑपरेशन करून टाका ना बाई. डॉक्टर कधीचे मागे लागलेत. स्वतःच वाचाल."

त्याच जुन्या ताठ सुरात बाई म्हणाल्या, "नाई करत. मले दिसाले लागलं तं थे पोरगी कायले येईन?"

मी "येईल हो बाई" म्हणेपर्यंत त्यांनी फोन ठेवून दिला होता.