उस्मानमिस्त्रींचा डाख

मी आज जो काही आहे, त्यात सर्वांत मोठा वाटा उस्मानमिस्त्रींचा आहे. ते माझे नातेवाईक नव्हते, गुरुजीही नव्हते. आखाडा बाळापूरला नांदेड रस्त्यावर लिंबाखाली त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. गाव त्यांना हुंगेमिस्त्री म्हणायचं. गाडी आली की पाना उचलायच्या आधी ते सायलेन्सरपाशी उकिडवे बसून धूर हुंगत. मग ड्रायव्हरला प्रश्न विचारत बसत. कुणी घाई केली, तर म्हणत, "पाना हातात आला की माणूस बहिरा होतो. पहिले सांगा तर खरं."

सकाळी तकलीफ देते का तापल्यावर? चढावर बंद पडते का वेग कमी केल्यावर? सेनगावचा एक जीपमालक एकदा चिडून म्हणाला, "मला काय माहीत? चालवतो ड्रायव्हर." मिस्त्री शांतपणे म्हणाले, "मग त्याला धाडा की. तुमी काहून आलात?"

माझे वडील नामदेव एका आडत्याची जुनी पिकअप चालवत. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी परभणीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो होतो. जेवढ्या पेट्रोलात ती गाडी पूर्वी हिंगोलीला जाऊन परत यायची, तेवढ्यात आता जेमतेम जाणं होई. वेग कमी केला की बंदही पडे. आडत्याशेठ चारचौघांत म्हणाला, "गाडी पेट्रोल पीत न्हाई, नामदेव. माणसं पितात." बाजाराच्या दिवसापर्यंत कारण दाखव, नाहीतर चावी ठेव, असं त्यानं बजावलं. बाबांची नोकरी गेली असती, तर माझं कॉलेज तिथंच संपलं असतं.

बाबा गाडी घेऊन मिस्त्रींकडे गेले. मीही सोबत होतो. मिस्त्रींनी धूर हुंगला. "कच्चं पेट्रोल, न जळताच, जाऊन राहिलं." प्लग काढले, तर काजळी धरलेले. टाकी, नळी, कुठंच गळती नव्हती. कार्ब्युरेटर उघडला, तर आत पेट्रोल काठोकाठ. त्यात फ्लोट असतो, म्हणजे पितळेची पोकळ डबी. ती पेट्रोलवर तरंगत वर येते आणि पुरेसं भरलं की पेट्रोलची वाट बंद करते. डबीला छेद पडला, तर ती बुडते. मिस्त्रींनी समोरच्या हॉटेलातून कढत पाणी मागवून डबी त्यात धरली. छेद असता तर बुडबुडे आले असते. एकही आला नाही.

त्यांनी डबी उलटी केली. तळाला डाखाचा, म्हणजे छेद बुजवायला वितळवून लावलेल्या कथलाचा, जाडजूड गोळा होता.

"नामदेवा, हा डाख कोणाचा?"

"तुमचाच की, मिस्त्री. पोळ्याच्या आधी छेद पडला होता, तवा लावला."

मिस्त्रींनी भंगारातून तसलीच दुसरी डबी शोधली आणि दोन्ही घेऊन सोनाराकडे गेले. सोनार हसला, "काय मिस्त्री, बेगमला पैंजण करून राहिले का?"

"पितळ है. पण बराबर तोल. इज्जतीचा माल है."

आमच्या डबीचं पारडं खाली गेलं.

वाटेत बाबा म्हणाले, "मिस्त्री, पार्ट खराब होता एवढंच सांगा. तुमचं नाव कशाला घ्यायचं? शेठच्या तिन्ही गाड्या तुमच्याकडं येतात."

"नामदेवा, अर्धं सांगितलं तर शक अर्धा राहतो."

बाजाराच्या दिवशी, आडतीवर माणसं भरलेली असताना, त्यांनी दोन्ही डब्या शेठच्या गादीवर ठेवल्या. "शेठ, चोर सापडला. मीच हाव. छेद बुजवताना डाख जास्ती झाला. डबी जड झाली, वेळेवर वर येईना, पेट्रोल चढून राहिलं. या माणसाकडं बोट दाखवू नका."

कुणीतरी ओरडलं, "मिस्त्रीकडून आता होडीला डाख लावून घेऊ नका रे!" सगळे हसले. मिस्त्रीही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

डबी बदलली आणि गाडी पहिल्यासारखी हिंगोली करून आली. बाबांची नोकरी राहिली. शेठनं मात्र त्यानंतर आपल्या गाड्या नांदेडला धाडल्या. मी हळहळलो, तेव्हा मिस्त्री एवढंच म्हणाले, "तू पेपर दे."

पुढं मी पास झालो, शाळेत विज्ञान शिकवायला लागलो, आणि पहिल्याच महिन्यात त्यांना हे पत्र लिहिलं:

"मिस्त्रीचाचांस सलाम. नोकरी लागली. मुलांना परवा तरंगणाऱ्या वस्तूंचा धडा शिकवला. एक गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. शेठनं बाबांवर आळ घेतला, तेव्हा मलाही वाटलं होतं, की माझ्या फीसाठी त्यांनी पेट्रोल विकलं असेल. मी बोललो नाही, पण चार दिवस त्यांच्याकडं नीट पाहिलंही नाही. तुम्ही खरं सांगितलं नसतं, तर तो संशय माझ्या मनात कायमचा राहिला असता. तुम्हाला मराठी वाचता येत नाही आणि तुमची पत्रं बाबाच वाचून दाखवतात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हे तुमच्या पत्त्यावर लिहितो आहे. वाचताना ते इथं थांबले, तर चाचा, त्यांना घाई करू नका."