शिकवायला शिकवणारे सर

हे किस्से काही आम्ही मुद्दाम जमवले नाहीत. सहा आठवडे अंधेरीच्या त्या ट्रेनिंग हॉलमध्ये नुसते बसून होतो, तेवढ्यात आपोआप ढीग लागला. आम्ही सगळे पीएचडीवाले. मी फिजिओथेरपीची, पराग दातांचा, संगीता नर्सिंगची. वरून फर्मान आलं, कॉलेजात शिकवायचंय ना, मग आधी शिकवायला शिका. कल्पना चांगली होती हो! पण ते शिकवायला ठेवलं कुणाला? ज्यांनी वीस वर्षांत वर्गाचं तोंड पाहिलेलं नाही, त्या आमच्या सरांना!

*

पहिल्या दिवशी विषय होता, "व्याख्यान रटाळ होऊ नये म्हणून." स्लाइड्स किती? चौऱ्याऐंशी! सर पडद्याकडे तोंड करून एकूण एक अक्षर वाचत होते. साठाव्या स्लाइडला आवाज चढवून वाचलं, "विद्यार्थ्यांच्या डोळ्यांत पाहून बोला." आमच्याकडे पाठ करून!

तोवर पराग मागच्या दाराने सटकला, टपरीवर चहा प्यायला, आमच्यासाठी पार्सल घेऊन परत आला. सरांना पत्ताच नाही. शेवटची स्लाइड संपली तेव्हा वळले आणि खूश होऊन म्हणाले, "बघा, एकही जण जागचा हलला नाही. याला म्हणतात पकड!"

*

मग सरावपाठ. एकाने शिकवायचं आणि बाकीच्यांनी फर्स्ट इयरची मुलं व्हायचं. संगीता बेचाळीस वर्षांची, दहा वर्षं आयसीयूत काढलेली बाई. तिला सर म्हणतात, "मॅडम, जरा निरागस दिसा ना!"

शिवाय प्रत्येकाने एक शंका विचारायची सक्ती. मी आपली गुडघा शिकवतेय. पराग, जो सहा वर्षं हिरड्यांवर पीएचडी करतोय, तो हात वर करून विचारतो, "मॅडम, माणसाला दात किती असतात?"

"बत्तीस," मी म्हटलं.

"नक्की?"

"बहुतेक."

सर टाळ्या वाजवायला लागले. "वा! याला म्हणतात चर्चा!" त्या गुडघ्याचं काय झालं ते कुणीही विचारलं नाही.

*

वैतागून मी हे सगळं माझ्या गाइड मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "शिकवायला काय शिकायचं असतं गं? मी कुठे शिकले होते?" ते दिसतंच, असं मी मनातल्या मनात म्हटलं. पीएचडी अजून व्हायची होती ना माझी!

वर मॅडमनी लगेच पेनड्राइव्ह हातात दिला. "दहा मिनिटांत सेकंड इयरचं लेक्चर आहे. मला मीटिंग आहे, तू घे. नुसतं वाचायचं. वाचता येतं ना?" मी वाचलं. शंभर पोरांपुढे घाम पुसत वाचलं. शेवटच्या स्लाइडवर "धन्यवाद" होतं आणि खाली नाव होतं मॅडमच्या गाइडचं! ते रिटायर होऊनही जमाना झाला.

*

पाठाच्या प्लॅनमध्ये एक रकाना असायचा, "विद्यार्थ्यांची कृती". तो आदल्या दिवशीच भरून द्यायचा. आम्ही सगळे निमूटपणे लिहायचो, "विद्यार्थी उत्साहाने ऐकतात." संगीताने लिहिलं, "विद्यार्थी आल्यावर कळेल."

सरांनी लाल पेनाने कागद फाटेस्तोवर रेघ मारली. "शेवटचा पाठ पहिल्यापासून शेवटपर्यंत प्लॅनप्रमाणे झाला, तरच सही करीन!"

आम्ही हसलो, पण संगीताला हसून चालणार नव्हतं. ती मुलुंडच्या एका कॉलेजात सात वर्षं कॉन्ट्रॅक्टवर. पोस्ट आता कुठे कायम होणार होती, आणि सरांच्या सहीशिवाय अर्ज घेणार नव्हते. अर्जाची मुदत शेवटच्या पाठाच्या दिवशीच, संध्याकाळी पाचपर्यंत. तिची वाट लागली असती यार!

*

त्या शेवटच्या पाठाला खरीखुरी फर्स्ट इयरची मुलं आणली होती. संगीताचा विषय बीपी मोजणं. तिने विचारलं, "पेशंट कोण होणार?" सर सकाळपासून मान चोळत होते, डोकं धरलंय म्हणत होते. तरी हौसेने खुर्चीत बसले आणि बाही वर केली.

एका बारीकशा मुलीने पट्टा बांधला, मोजलं आणि घाबरून म्हणाली, "मॅडम, माझं चुकतंय बहुतेक."

"दुसऱ्या हाताला घे," संगीता म्हणाली.

"वरचं दोनशे दहा. खालचं एकशे वीस."

सर हसले. "मुलीला नीट शिकवलं नाहीत तुम्ही मॅडम. चूक मान्य करा आणि पुढे चला. अजून अर्धा पाठ बाकी आहे. सही हवीये ना?"

नुसतं "हो सर" म्हटलं की काम झालं होतं! मी मागून खुणा करत होते, हो म्हण गं बाई, हो म्हण!

संगीताने स्वतः पट्टा बांधून पुन्हा मोजलं. "मुलीचं बरोबर आहे. सर, याआधी बीपी कधी मोजलं होतं?"

सर बाही खाली करून उठायला लागले.

"उठू नका आता," ती म्हणाली. "पराग, गाडी काढ. पाठ बंद."

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत ती सरांच्या कॉटजवळून हलली नाही. साडेचार वाजले तरी सहीचं नाव काढेना. शेवटी मीच निर्लज्जपणे तिच्या पाठाचा फॉर्म सरांपुढे धरला, फोटो काढून अपलोडच तर करायचा होता. सरांच्या एका हाताला सलाइन. दुसऱ्या हाताने त्यांनी "उत्तीर्ण" लिहिलं आणि सही केली. मी फॉर्म उचलणार, तेवढ्यात म्हणाले, "थांबा, शेरा राहिला."

आणि पडल्या पडल्या लिहिलं, "शिक्षिकेने पाठ मध्येच सोडून पेशंटकडे लक्ष दिले. सुधारणा आवश्यक."